नवे डोळे, नवे दात : आशा कुठे धरावी, हात कुठे आखडावा

गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातून एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या शहात्तर वर्षांच्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाची वयोमानपरत्वे झीज झाली आहे. उंबरठ्यापुढची रांगोळी दिसते. पण ज्या ठिपक्याकडे नेमके पाहावे, तोच नाहीसा होतो. समोरच्याचे कान दिसतात, केस दिसतात, मधला चेहरा मात्र पुसल्यासारखा. रोजचे पोथीवाचन दोन वर्षांपूर्वीच थांबले. अशा स्थितीत घरात एक माहितीपत्रक आले. ‘आपल्याच शरीरातील मूळपेशींचे इंजेक्शन, दृष्टी परत मिळण्याची संधी.’ त्याच पत्रकाच्या मागील बाजूस नातवाचे दुधाचे दात शीतपेटीत जपून ठेवण्याची योजना होती. ‘आजीसाठी आज, नातवासाठी उद्या,’ असा त्यावर मथळा. भगिनी विचारतात, “सासूबाईंची ठेव मोडावी काय? न मोडली आणि खरोखरच उपाय असला, तर आयुष्यभर टोचणी लागेल.”

ही टोचणी एका घराची नव्हे, म्हणून या वेळचे सदर त्या पत्राला वाहिले आहे. डोळ्यांच्या व दातांच्या ऊतींची दुरुस्ती व नवनिर्मिती यांवर जगात खरे संशोधन चालू आहे आणि त्यातले काही रुग्णापर्यंत पोहोचलेही आहे. म्हणूनच त्याच्या नावावर बनावट आशा विकणे सोपे झाले आहे. खरे कोणते आणि विक्रीचे कोणते, हे ओळखायचे तर आपले शरीर कुठे स्वतःहून दुरुस्त होते आणि कुठे होत नाही, हे प्रथम समजून घ्यावे लागेल.

शरीराची स्वतःची दुरुस्ती

डोळ्याच्या अगदी पुढे पारपटल असते. कॉर्निया म्हणतात तो हाच घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा. त्याचा वरचा पापुद्रा सतत झिजतो आणि साधारण आठवडा-दीड आठवड्यात नवा होतो. धुळीच्या कणाने पडलेला ओरखडा दोन-तीन दिवसांत भरून येतो, तो यामुळेच. या नव्या पेशी येतात कुठून? डोळ्याचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात, त्या वर्तुळाकार किनारीवर मूळपेशी वस्तीला असतात. मूळपेशी म्हणजे बियाण्यासारख्या पेशी. त्या स्वतः टिकून राहतात आणि गरजेप्रमाणे नव्या पेशी घडवतात. ही किनार शाबूत असेल तोवर पारपटलाचा पृष्ठभाग शाबूत राहतो.

दातालाही अशी मर्यादित शक्ती आहे. दाताच्या आतल्या मऊ गाभ्याला दंतवैद्य पल्प म्हणतात. कीड हळूहळू आत सरकू लागली की हा गाभा तिच्या वाटेत डेंटिनचा नवा थर रचून जणू आतून भिंत बांधतो. बाहेरचे एनॅमल मात्र एकदाच घडते. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. लाळेतील कॅल्शियम, फॉस्फेट आणि टूथपेस्टमधील फ्लोराइड यांच्या साहाय्याने एनॅमलवरील अगदी आरंभीचा डाग पुन्हा घट्ट होऊ शकतो. एकदा खड्डा पडला की शरीर तो भरत नाही.

डोळ्याच्या मागच्या भागाचे असेच आहे. दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, ती याच कारणाने. तेव्हा मूळपेशींच्या वार्ता वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा, की ही वार्ता डोळ्याच्या पुढच्या भागाची आहे की मागच्या?

जिथे यश हाती आले

पुढच्या भागातील यश खरे आहे. चुना, आम्ल किंवा अन्य रसायन डोळ्यात गेले की ती किनार जळते, मूळपेशी मरतात आणि पारपटलावर पांढऱ्या डोळ्यातील रक्तवाहिन्यांसह धूसर पडदा चढतो. अशा डोळ्यावर नुसते पारपटलाचे रोपण केले तर ते टिकत नाही, बियाणेच नसते. १९९७ मध्ये इटलीतील ग्राझिएल्ला पेल्लेग्रिनी, मिकेले दे लुका व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या किनारीचा अगदी छोटा तुकडा घेतला, प्रयोगशाळेत त्यापासून पेशींचा पापुद्रा वाढवला आणि तो जळालेल्या डोळ्यावर बसवला. २०१० मध्ये इटलीतील ११२ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सुमारे तीन चतुर्थांश डोळ्यांचा पृष्ठभाग कायमचा सुधारला होता. या पद्धतीवर आधारलेल्या होलोक्लार या उपचाराला २०१५ मध्ये युरोपीय संघाची सशर्त मंजुरी मिळाली. पहिल्या प्रयोगापासून मंजुरीपर्यंत अठरा वर्षे लागली, हे ध्यानात ठेवावे.

भारतात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याहून सोपी रीत मांडली. चांगल्या डोळ्याच्या किनारीचा साधारण दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा पसरून त्यावर ते कण रोपासारखे मांडायचे. त्यातून पेशी पसरतात आणि पृष्ठभाग तयार होतो. महागड्या प्रयोगशाळेवाचून एकाच शस्त्रक्रियेत हे काम होत असल्याने ही रीत आता इतर देशांतही वापरली जाते.

येथे आजी-आजोबांसाठी एक कळकळीची सूचना. आपल्या देशात लहान मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांचे एक मोठे कारण म्हणजे पानतंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब. मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना घरात असेल तर तो कुलपात असावा. कधी डोळ्यात गेलाच, तर डॉक्टरांची वाट न पाहता लगेच पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान पंधरा ते तीस मिनिटे धुवावा, पापण्या उलगडून चुन्याचे कण निघू द्यावेत आणि मग विनाविलंब नेत्ररुग्णालय गाठावे. ती पहिली दहा मिनिटे जे वाचवतात, ते पुढच्या शस्त्रक्रियांना परत आणता येईलच असे नाही.

दातातून उघडलेली खिडकी

दोन्ही डोळ्यांचा पृष्ठभाग जळाला असेल आणि अश्रूही पूर्ण आटले असतील, तर वरील उपायही चालत नाहीत. अशा रुग्णांसाठी रोममधील नेत्रतज्ज्ञ बेनेडेट्टो स्ट्रॅम्पेली यांनी १९६३ च्या सुमारास एक विलक्षण शस्त्रक्रिया शोधली. रुग्णाचा स्वतःचा एकमुळी दात, बहुधा सुळा, भोवतालच्या हाडासकट काढतात. त्याची पातळ चकती घडवून मध्ये छिद्र पाडतात आणि त्यात पारदर्शक प्लास्टिकची छोटी नळी बसवतात. ही चकती काही महिने गालाच्या किंवा डोळ्याखालच्या त्वचेच्या आत ठेवतात, म्हणजे तिच्याभोवती रक्तवाहिन्यांसह जिवंत आवरण तयार होते. दरम्यान डोळ्यावर गालाच्या आतील अस्तर लावलेले असते. शेवटी चकती डोळ्यात बसवतात आणि नळीतून प्रकाश आत जातो.

दातच का? प्लास्टिकची नळी डोळ्यात थेट बसवली तर शरीर ती हळूहळू बाहेर ढकलू पाहते. दात आणि हाड स्वतःचेच असल्याने शरीर त्यांना परके मानत नाही आणि ते नळीला घट्ट धरून ठेवतात. इटलीतील जान्कार्लो फाल्चिनेल्ली यांनी ही पद्धत सुधारली. २००५ मध्ये त्यांच्या गटाने १८१ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अठरा वर्षांनंतरही रोपण जागेवर टिकून राहण्याची शक्यता ८५ टक्के दिसली. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातही ही शस्त्रक्रिया होते. मात्र तिच्यासाठी एक अट आहे. मागचे दृष्टिपटल आणि नस निरोगी हवी. खिडकी नवी बसवता येते. खिडकीच्या आत पाहणारा नवा बसवता येत नाही.

दातांचे संशोधन कुठवर आले?

२००० मध्ये अमेरिकेत दाताच्या गाभ्यातील मूळपेशी ओळखल्या गेल्या. त्या संशोधकांपैकी सोंगताओ शी यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला, तेव्हा त्याच्या आत लालसर ऊती चिकटलेली त्यांना दिसली. ती तपासल्यावर दुधाच्या दातातही अशा पेशी असतात, हे सिद्ध झाले आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अनेक घरांत जो दात कौलांवर फेकला जात असे, तो प्रयोगशाळेत पोहोचला. पुढे चीनमध्ये, अपघाताने कायमच्या दाताचा गाभा मेलेल्या मुलांवर त्यांच्याच दुधाच्या दातातील पेशी वापरून प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये त्याचे आशादायक निष्कर्ष आले. परंतु तो लहान मुलांच्या, मूळ पुरते न वाढलेल्या दातांचा प्रयोग होता.

नवा दात उगवण्याच्या बातमीनेही अनेकांचे लक्ष वेधले. जपानमधील कात्सू ताकाहाशी व सहकाऱ्यांना असे आढळले, की शरीरातील एक प्रथिन दातांच्या वाढीला आवर घालते. त्याला रोखणारे प्रतिपिंड दिल्यावर उंदरांत आणि फेरेट या प्राण्यात दात उगवले. २०२४ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात तीस ते चौसष्ट वयाच्या, निदान एक दात नसलेल्या तीस पुरुषांवर चाचणी सुरू झाली. तिचा हेतू औषध सुरक्षित आहे की नाही, एवढेच पाहण्याचा आहे. त्यापुढचे पहिले लक्ष्य जन्मतःच दात नसलेली मुले हे आहे. सत्तरीत पडलेल्या दाढेसाठी कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट हाच आजचा मार्ग आहे.

तरीही एक गोष्ट आज आपल्या दंतवैद्याकडे उपलब्ध आहे. कीड गाभ्याच्या जवळ पोहोचली पण गाभा जिवंत असेल, तर त्यावर कॅल्शियम सिलिकेटच्या विशेष सिमेंटचे आवरण देतात. त्याखाली गाभा स्वतःच डेंटिनचा पूल बांधतो आणि पुष्कळदा रूट कॅनाल टळते. यासाठी दात ठणकेपर्यंत थांबू नये, एवढीच अट आहे. ज्येष्ठांत हिरड्या खाली सरकल्याने दाताचे मूळ उघडे पडते आणि त्यावर एनॅमल नसते. त्यात रक्तदाबाच्या व मानसिक आजाराच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, घोट घोट पाणी पिणे, कवळी रात्री काढून स्वच्छ ठेवणे आणि सहा महिन्यांनी तपासणी करणे, हे काळजीवाहकाने आपल्या वहीत लिहून ठेवावे.

दोन शहरांतील वृद्ध स्त्रिया

आता सासूबाईंच्या आजाराकडे येऊ. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतील एका स्त्रीवर जगातील पहिला प्रयोग केला. तिच्या त्वचेच्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूळपेशींचे रूप दिले, त्यांतून दृष्टिपटलाला पोसणाऱ्या पेशींचा पापुद्रा वाढवला, महिनोन्महिने तपासला आणि एका डोळ्यात बसवला. एका वर्षानंतर पापुद्रा टिकून होता. दृष्टी घसरली नाही आणि सुधारलीही नाही; संशोधकांनी तसेच लिहिले. दुसऱ्या रुग्णाच्या तयार पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा शस्त्रक्रिया रद्द करण्यात आली. थांबण्याचे हे धैर्य खऱ्या संशोधनाचे लक्षण आहे.

दुसरी घटना अमेरिकेतील फ्लोरिडातील. बहात्तर ते अठ्ठ्याऐंशी वयाच्या तीन स्त्रियांना हाच आजार होता. एका खासगी दवाखान्यात त्यांच्या पोटाची चरबी काढून, तिच्यातून ‘मूळपेशी’ वेगळ्या केल्याचे सांगून, एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शने देण्यात आली. प्रत्येकीने पाच हजार डॉलर मोजले. आपण संशोधनात सहभागी होत आहोत, अशी त्यांपैकी किमान एकीची समजूत होती. काही दिवसांत डोळ्यांत रक्तस्राव झाला, दृष्टिपटले सुटली. आधी जी नजर होती तीही गेली. मार्च २०१७ मध्ये हा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात आला.

कोबेची स्त्री आणि फ्लोरिडाच्या स्त्रिया यांचा आजार एक, आशाही एक. फरक कशात होता? कोबेत आधी वर्षानुवर्षे प्राण्यांवर अभ्यास झाला होता, एकाच डोळ्यावर हात लावला होता आणि पुढे लक्ष ठेवण्याची व्यवस्था होती. फ्लोरिडात यांपैकी काही नव्हते. होते ते देयक.

आपल्या देशाचा नियमही याच अनुभवाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसाठी होणारे रक्तनिर्मितीच्या मूळपेशींचे रोपण हा प्रस्थापित उपचार आहे. अन्य बहुतेक आजारांत मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेऊ नयेत, असे ती तत्त्वे सांगतात. साठवणुकीच्या बाबतीत त्यांनी केवळ नाळेतील रक्ताच्या पेढ्यांना मुभा दिली आहे. दातांच्या गाभ्याच्या व्यापारी साठवणुकीला नाही.

म्हणून कोणीही असे पत्रक घरात आणले, तर शांतपणे पाच प्रश्न विचारावेत. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर नीतिसमितीची व औषध नियंत्रकांची परवानगी दाखवाल काय? नुसती नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. पैसे का घेता? दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी हात लावणार आहात काय? काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, हे लेखी द्याल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘चाचणी’ असे आले आणि तिसऱ्याचे ‘खर्च तर येतोच’ असे आले, की तेथून उठावे.

भगिनींना उत्तर

ताई, ठेव मोडू नका. न मोडल्याची टोचणीही बाळगू नका. तुम्ही सासूबाईंना उपायापासून दूर ठेवलेले नाही, अपायापासून वाचवले आहे.

मात्र हातावर हात ठेवूनही बसू नका. प्रथम दृष्टिपटल-तज्ज्ञांना विचारा, आजार ‘कोरडा’ आहे की ‘ओला’. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि गळतात. त्यांना रोखणारी इंजेक्शने डोळ्यातच देतात. ती प्रस्थापित आणि परिणामकारक आहेत. वर सांगितलेल्या घटनेमुळे त्यांची भीती धरू नये आणि ठरलेली तारीख चुकवू नये. कोरड्या प्रकाराच्या मधल्या टप्प्यात ठरावीक जीवनसत्त्वे व जस्त यांच्या गोळ्यांनी आजार पुढे जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पावपट कमी झाल्याचे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात २००१ मध्ये दिसले. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते थांबवावे. चौकटीच्या कागदावर रोज एकेक डोळा झाकून पाहावे. सरळ रेषा वाकडी दिसू लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे. आणि अल्पदृष्टी केंद्रात अवश्य न्यावे. दिवा लावलेले भिंग, मोठ्या अक्षरांची पोथी, खांद्यामागून पडणारा उजेड आणि बाजूच्या शाबूत नजरेने पाहण्याचा सराव यांनी पोथीची निदान काही पाने त्यांच्या हाती परत येऊ शकतील. बाकीची नातवाने मोठ्याने वाचावीत.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. त्यांचे दृष्टिपटल झिजले असले तरी पारपटल निरोगी असू शकते. नेत्रदानाला वयाची मर्यादा नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांची आडकाठी नाही आणि दृष्टिपटलाच्या या आजाराचीही नाही. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, नेत्रपेढीला कळवायचे असते. पथक येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. अर्ज भरलेला नसला तरी कुटुंबीयांच्या संमतीने दान होते.

ज्या आजींना स्वतःला रांगोळीचा ठिपका दिसत नाही, त्यांच्या डोळ्यांतून उद्या दुसऱ्या कोणाला तो दिसू शकेल. या दुरुस्तीला ठेव मोडावी लागत नाही आणि तिची परिणामकारकता शंभराहून अधिक वर्षे सिद्ध झालेली आहे. आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरातल्या सर्वांनी बसून एवढे बोलून ठेवावे, ही विनंती.